मेणावरचं कुंकू

दुष्काळाच्या वर्षी आमचे हे मागावर काम मिळतंय म्हणून भिवंडीला गेले, ते तिकडचेच झाले. जाताना म्हणाले, "कडी लावू नकोस, कुठल्याही गाडीने येईन." मी कडी लावली नाही. रात्रभर कान दाराकडे, आणि दिवसा शाळेत पाढे म्हणून घेता घेता खुर्चीतच माझी मान पडायची. पोरं खुसुखुसु हसायची. शेवटी मोठ्या बाईंनी सुनावलं, "झोपेचं काहीतरी बघा, नाहीतर घरी बसा." घरी बसून काय भिंतींशी बोलू?

झोपेच्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठायचं, म्हणून डॉक्टरांनी मुंबईहून आणलेली एक पेटी काढली. ओल्या कापसाच्या चकत्या कपाळावर आणि कानांमागे बांधायच्या आणि अगदी हलकी वीज सोडायची. माझं धाबंच दणाणलं. "शॉक नव्हे हो, नुसत्या मुंग्या येतील," ते म्हणाले. "मेंदूत बारीक विजेची लय चालूच असते. जागेपणी जणू जो तो माग आपापला खटखटतो. झोपेत सगळे संथ होतात, एका ठेक्यात येतात. ही वीज तो ठेका धरायला लावते म्हणतात. खात्री मी देत नाही." खरं बोलणारा माणूस, म्हणून मी तयार झाले.

पहिल्या दिवशी मुंग्या नाहीत की काही नाही. नर्सने कपाळावरची चकती उचलून बघितली. "बाई, मेण हाय की हितं! मेणातनं वीज कशी जाईल? पुसा ते." घामाने ओघळू नये म्हणून आम्ही आधी मेण लावायचो, वर कुंकू. माझं चांगलं रुपयाएवढं असायचं. "नवरा जिवंत असताना पुसू? अजिबात नाही," म्हटलं आणि तरातरा घरी आले. गल्लीत कुणी 'मालक कधी येणार?' विचारलं, तर दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं. तेही पुसलं तर मी कोण?

पण लवकरच वर्गात पुन्हा मान पडली, आणि नेमक्या मोठ्या बाई दारात. "आता शेवटचं सांगते," म्हणाल्या. मी मुकाट्याने दवाखान्यात गेले आणि पदराने कपाळ पुसलं. नर्सने वरून स्पिरिटचा बोळा फिरवला. चकत्या बांधल्या, मुंग्या आल्या, आणि मी झोपले. विजेने झोपले की रडून दमले होते म्हणून, देव जाणे.

उठले ती गुंगीतच घराकडे निघाले. कपाळ मोकळं आहे हे ध्यानातच नाही. गल्लीच्या तोंडाशी शेजारीण मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. विणकराच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी. तिने वर पाहिलं आणि हातातलं टाकून धावत आली. "अय्यो अक्का! कधी झालं वो?" असं म्हणून तिने मला घट्ट पोटाशी धरलं.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिचा हात पाठीवरून फिरला. ते गेल्यापासून मला कुणी असं धरलंच नव्हतं. इतकी एकटी पडले होते मी, आणि मलाच ते ठाऊक नव्हतं. तिच्या खांद्यावर ढसाढसा रडले. मग म्हटलं, "अगं, ते आहेत गं. येत नाहीत, एवढंच." हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. ती सोडेना. "मग रडा की," म्हणाली.

घरी येऊन मी कुंकू लावलं, नेहमीसारखं मेणावर. आणि दाराला आतून कडी घातली.