ओल्या कपड्याचं वजन

दोन हजार पाचच्या आसपास मी मशीनखाली बसवायचे रबरी पॅड विकत होतो. फिरणाऱ्या मशीनचे हादरे जमिनीत जाऊ नयेत म्हणून हे पॅड. मशीनचं वजन घ्यायचं, चार कोपऱ्यांत वाटायचं आणि तेवढं पेलणारा पॅड निवडायचा. डिप्लोमा हातात होता, खिशात कॅल्क्युलेटर होता. अक्कल येणार होती, पण सावकाश.

कामतघरच्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कपडा रंगवायच्या कारखान्यात, कपडा पिळायचं मशीन होतं. मोठ्या जाळीदार पिंपात रंगवलेला ओला कपडा भरायचा, पिंप गरगर फिरतं आणि पाणी बाहेर फेकलं जातं. त्याच्या हादऱ्यांनी भिंतीपलीकडच्या चाळीतली भांडी मांडणीवरून पडत. चाळकरी भांडायला आले, तेव्हा डाइंगच्या शेठनी मला बोलावलं.

मशीनवर एक आगरी काका होते, पन्नाशीचे. ते चप्पल बाजूला काढून उजवा तळपाय फरशीवर टेकवून उभे राहत. हादरा बदलला की पायाला आधी कळतं, म्हणायचे. मला हसू आलं होतं.

मी मशीनच्या पाटीवरचं वजन वहीत उतरवलं. काका वाकून बघत म्हणाले, "साहेब, ह्यो वजन सुक्याचा हाय. ओला कपडा भरला का कितीतरी वाढतंय. त्यो धरला का न्हाय?"

"काका, ते सगळं कंपनीने धरलेलं असतं," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कंपनीने काय धरलंय, हे मला कुठे ठाऊक होतं?

पॅड बसले. रिकाम्या मशीनवर चाचणी झाली, फरशी गप्प. शेठनी माझी पाठ थोपटली. चौथ्या दिवशी फोन आला, हादरे पहिल्यापेक्षा वाढलेत आणि चाळीच्या भिंतीला चीर गेलीय. मी गेलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पिंपात डोकावलो आणि म्हणालो, "कपडा एका बाजूला भरलाय. असं भरल्यावर कुठलाही पॅड काय करणार?"

नाचता येईना, अंगण वाकडं. काका एवढंच म्हणाले, "मी बारा वर्सं भरतोय, शेठ." पण शेठनी इंजिनीअरचं ऐकलं. काकांना मशीनवरून काढून कपड्याचे गठ्ठे वाहायला लावलं. त्या वयात, त्यांच्या त्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवण झाल्यावर मी वही उघडली. ओल्या कपड्याचं वजन मिळवलं, मोटरच्या कोपऱ्यात जास्तीचा भार धरला, आणि बेरीज पॅडला पेलणाऱ्या वजनाच्या पार पुढे गेली. त्या कोपऱ्यातला पॅड पार दबून दगड झाला होता. दबायला जागाच उरली नाही, तर तो हादरा कसला अडवणार? काकांनी मला हेच सांगितलं होतं, आणि मी त्यांची मशीनवरची जागा घालवून आलो होतो.

तेव्हा तरी जाऊन शेठना खरं सांगायला हवं होतं. पण मी मोठे पॅड घेऊन गेलो आणि म्हणालो, "कंपनीने नवीन माल काढलाय." या वेळी पिंप ओल्या कपड्याने भरून चालवलं. हादरा नाही. शेठनी चहा मागवला.

काका गठ्ठा खाली ठेवून आले. चप्पल काढली, पाय टेकवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आता ओल्याचा धरलास."

"काय म्हणतोय तो?" शेठनी विचारलं.

काका माझ्याकडे बघत थांबले. माझी चूक होती, यांना मशीनवर परत घ्या, एवढंच म्हणायचं होतं. मी खाली वाकलो आणि आधीच घट्ट असलेला बोल्ट पान्याने आवळत बसलो. वर बघितलं तेव्हा काका गठ्ठा पाठीवर घेऊन निघाले होते. मला भयंकर लाज वाटली, आणि तरी मी शेठचा चहा प्यायलो.

आता माझ्या हाताखाली चार इंजिनीअर आहेत. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावतो, पाटीवरचं वजन घेऊ नका, मशीन भरून चालवा, चप्पल काढून फरशीवर उभे राहा. पोरं चकित होतात. हे कुठे शिकलात, असं विचारतात.

मी म्हणतो, अनुभवातून.