बर्फातल्या पोरीची घागर

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला टीव्ही बंद सांगितला, आणि साड्यांवर खडे चिकटवायचं घरबसल्या कामही. दोन्ही एकदम सुटल्यावर ती घरात अशी येरझाऱ्या घालायला लागली की वडील आणि मी जेरीस आलो. "आते मी काय भीतकडे देखत बसू?" हा तिचा जप. शेवटी मी म्हटलं, बस इथे, तुला पुस्तक वाचून दाखवते.

मराठी मंडळाच्या कपाटातून मी स्वतःसाठी आणलेली एक जाडजूड कादंबरी पिशवीत होती. स्वीडनमधली, मराठीत भाषांतर झालेली. एका गावात एकामागून एक बायका मारल्या जातात आणि दोन पोलीस अधिकारी खुन्याचा माग काढत राहतात. आईला खरं तर पोथी हवी होती. मी म्हटलं, पोथी तुला पाठ आहे, हे ऐक.

मी शिकवते ती शाळा सकाळची. दुपारी भेस्तानला घरी यायचं, जेवणं उरकायची आणि वाचायला बसायचं. चैत्राचं ऊन, डोक्यावर पत्रा, पंखा गरम वारा फेकतोय, आणि मी वाचतेय की तळं गोठलंय आणि बर्फात एक बूट सापडलाय. तिकडे दुपारीच अंधार पडतो हे कळल्यावर आई म्हणाली, "मंग त्या दिवाबत्ती कव्हय करतस?" याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मला त्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याची चीड यायची. मेला सारखी कॉफी ढोसतो, बायकोशी धड बोलत नाही, खिडकीतून बर्फ बघत उभा राहतो. इकडे पोरी मरतायत.

तिकडची नावं आईच्या जिभेवर काही केल्या बसेनात. तिने मेलेल्यांना आपलीच नावं दिली. लाल मफलरवाली, पाववाल्याची सून, शाळेतली बाई. शेवटची पोर सायकलवरून निघाली होती आणि नुसतीच नाहीशी झाली होती. ती आईची 'बर्फातली पोर'. खुनी कोण याची आईला काडीचीही उत्सुकता नव्हती. मी पुस्तक उघडलं की ती आधी विचारायची, "ती पोर भेटनी का?"

हा प्रश्न आमच्या घरात जुना होता.

माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा. पलसाण्याला साड्या रंगवायच्या कारखान्यात कामाला. त्याच्या नखांवरून आम्हाला कळायचं की बाजारात सध्या कोणता रंग चालतोय. लग्नसराईत ती राणी रंगाची असायची, आणि त्याच हातांनी तो जेवायला बसला की आई त्याला शिव्या घालायची. एका संध्याकाळी हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे जास्त पगाराचं काम आहे म्हणून तो निघाला, आणि तिथे पोचलाच नाही. फोन बंद. वडिलांनी पायाला भिंगरी लावून शोध घेतला, पोलिसांत नोंद केली. कुठे बेवारस मृतदेह सापडला की वडिलांना ओळख पटवायला बोलावणं यायचं. ते आधी नखं बघायचे. घरी आल्यावर दारातूनच नकाराची मान हलवायचे, आणि आई चहा ठेवायची. पुढे बोलावणीही थांबली. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली.

तेव्हापासून आईने रात्री दाराला कडी लावू दिली नाही. तो आला, दार बंद दिसलं, तर त्याला वाटेल आता कशाला यांची झोप मोडा, आणि तो तसाच परत जाईल, असं तिचं म्हणणं. मामा होताच तसा भिडस्त. दार नुसतं लोटलेलं असायचं. त्या दारातून चपला गेल्या, एकदा गॅसचा सिलिंडरही गेला. वडील चिडून कडी लावायला उठायचे आणि आईचा चेहरा बघून परत बसायचे.

आखाजी आली की वाद ठरलेला. आम्हा खान्देशी लोकांत आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांसाठी मातीची घागर भरतात. वर डांगर म्हणजे खरबूज, रव्याची गोड सांजोरी, आंबा ठेवायचा आणि पाणी घालताना गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. तहानलेला जीव पाणी पिऊन शांत होतो. मामाचं लग्न झालेलं नव्हतं, आईच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणजे त्याची घागर भरायची तर आमच्याच घरात. नातेवाईक म्हणायचे, भरून टाक, तोही सुटेल आणि तूही. मीही म्हणायचे, आणि सगळ्यांपेक्षा जोरात, कारण उघड्या दाराशी झोपून झोपून मी वैतागले होते. आई एकच विचारायची, "जित्ता मानूसनी घागर भरतस का कोनी?"

कादंबरी संपत आली तशा त्या मेलेल्या बायका घरात वावरायला लागल्या. मोरीत नळ ठिबकला की आई म्हणायची, लाल मफलरवाली आली. मी हसायचे, पण भर दुपारी बोळातून येताना मलाही वाटायचं की पाठीमागे कोणाची तरी सायकल थांबली. मी वळून बघत नसे. वळून बघितलं आणि कोणीच नसलं तर?

वडील माझ्यासमोर बसून सगळं ऐकायचे. ऐकायचे म्हणजे बघायचे. त्यांचं आयुष्य लूमवर, कापड विणायच्या मागावर गेलं. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचाही आवाज पोचत नाही, म्हणून लूमवरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. वडिलांचे कान तिथेच गेले, ओठ वाचणं तेवढं राहिलं. लहानपणी डबा द्यायला जाऊन जाऊन मीही ते शिकले. आजही आम्ही दोघं आवाज न काढता पोटभर बोलतो. आईने कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नाही आणि हे शिकायच्या भानगडीतही पडली नाही. ती आपली वडिलांच्या कानाशी ओरडते.

शेवटी खुनी सापडला. त्याने सगळं कबूल केलं, फक्त बर्फातल्या पोरीबद्दल तोंड उघडलं नाही. तो कॉफीवाला अधिकारी पोरीच्या आईकडे जातो, तिच्या टेबलाशी बसतो आणि काहीही न सांगता निघून येतो. ती बाई अंगणातला दिवा चालूच ठेवते. पुस्तक संपलं.

"म्हंजे ती माय आजून वाट देखी राहिनी?" आईने विचारलं.

"हो."

"मंग ती पोरले पानी कोन दी?"

"कोण देणार? त्यांच्यात आखाजी नसते."

आईने उठून कणीक मळायला घेतली.

आखाजीच्या आदल्या दिवशी तिने बाजारातून एक घागर जास्तीची आणली. वडिलांनी हातानेच विचारलं, ही कोणाची? "ती बर्फातली पोरनी!" आई ओरडली. अख्ख्या बोळाला ऐकू गेलं असेल. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अगं, ती कागदावरची पोर, ना आपल्या कुळाची ना गावाची. आणि तिच्या स्वतःच्या आईनेही तिला मेलेली मानलेलं नाही. आई म्हणाली, "तू फक्त वाच. बाकीनं मी देखसू."

दुसऱ्या दिवशी घागरी खोलीच्या मधोमध मांडल्या, पितरांना घास टाकायला शेजारी निखारे ठेवले. वडिलांनी त्यांच्या आईवडिलांची नावं घेऊन पाणी घातलं. जास्तीच्या घागरीची वेळ आली तेव्हा आईने तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि ती पलीकडे बसली, तोंड आमच्याकडे करून. त्या पोरीचं नाव तिला येत नव्हतंच, आता ही काय म्हणते याची मला गंमत वाटत होती. आईने पाणी घातलं आणि नुसते ओठ हलवले. आवाज नाही म्हणजे कोणाला कळणार नाही, असं तिला वाटलं असावं.

ती म्हणाली, "भाऊ, पानी पे."

वडिलांनी मान खाली घातली. मी इतकी वर्षं हेच तर मागत होते. पण त्या क्षणी माझ्या आत ओरड उठली, नको आई, थांब, येईल तो. 'भर घागर' असं मी बेधडक म्हणू शकत होते, ते आई भरणार नाही या भरवशावर. मामाला जिवंत ठेवायचं काम तिने एकटीने केलं होतं आणि आम्ही तिच्या जिवावर शहाणे झालो होतो. मला रडू फुटलं. आईला वाटलं, निखाऱ्यांचा धूर डोळ्यांत गेला.

तिने पोटभर पुरणपोळी खाल्ली, आम्हालाही आग्रह करकरून वाढली. दिवेलागण झाल्यावर ती दाराशी गेली आणि तिने दार लोटून आतून कडी लावली. गंजलेल्या कडीला तिला दोन्ही हात लावावे लागले. "आते देखू चपला कोन चोरस," असं पुटपुटत ती भांडी घासायला मोरीत गेली.

मी वडिलांकडे बघितलं. आवाज न काढता ते म्हणाले, "काढ."

मी उठून कडी काढली.