दिसलं, मॅडम

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या मुलाने क्षणात मान वर करून "दिसलं, मॅडम" म्हटलं, की समजावं, त्याला काही म्हणता काही दिसलेलं नाही. वसईच्या एका कॉलेजात मी कित्येक वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे आणि हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मागे रांग खोळंबलेली, पुढच्या सगळ्यांना दिसलेलं. आपल्यालाच दिसलं नाही हे कबूल कोण करणार? मग "दिसलं" म्हणायचं, जागेवर जायचं आणि पुस्तकातली आकृती जर्नलात उतरवायची. शिकत असताना मीही तेच केलं होतं.

त्या वर्षी मात्र मला जोर चढला होता. शिक्षकांच्या एका शिबिरात 'कृतीतून शिक्षण' ऐकून आले होते. ऐकलेलं अंगात भिनायला मला वेळ लागत नाही, उतरायला लागतो. भिंतीवरचे तक्ते मी गुंडाळून कपाटावर टाकले. निर्मळच्या वाडीतून केळफुलं आणून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या वीस जणांच्या हातात एकेक दिलं. आणि नियम घातला, जे दिसेल तेच काढायचं. नाही दिसलं तर तसं लिहायचं, मी गुण कापणार नाही.

पहिल्याच आठवड्यात तळ्यातल्या पाण्याचा थेंब पाहायला दिला. एकोणीस जर्नलांत अमीबा! एकच मुलगी डोकं खाली घालून बसून राहिली होती. राजोडीची, मासेमारी करणाऱ्या घरातली.

"मॅडम, यात नुसतं पानी हाय," ती म्हणाली. "नि एक हवेचा फुगा."

मी पाहिलं. खरोखरच फुगा होता. मला इतका आनंद झाला की मी सगळ्या वर्गासमोर तिची पाठ थोपटली. त्यात शहाणपणा किती होता, कोण जाणे. पुढे राजोडीच्या किनाऱ्यावर वर्ग नेला तेव्हा तिनेच एका माशाचा कल्ला उघडून दाखवला. "कल्ला लाल तं म्हावरा ताजा," असं सांगितलं आणि लाल का असतो, हे लगेच मला विचारलं. तासभर आम्ही वाळूत बसून रक्त आणि प्राणवायू यावरच बोललो. इतका चांगला तास मी आयुष्यात घेतलेला नाही.

परतताना ती म्हणाली की तिला एम.एस्सी. करायचं आहे. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. घरच्यांची एकच अट होती, एकही विषय राहता कामा नये. राहिला तर शिक्षण बंद.

"तुझा आणि विषय राहणार? काहीतरीच!" मी म्हटलं.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेत कांद्याच्या मुळाची स्लाइड होती. मुळाच्या टोकाची पेशी दोन होताना पकडायची आणि विभाजनाच्या दोन अवस्था काढून दाखवायच्या. त्यासाठी मुळं सकाळी ठरावीक वेळेला कापून रसायनात टाकावी लागतात. उशीर झाला तर विभाजन होत असलेली पेशी सापडेलच असं नाही. आदल्या दिवशी मी मीटिंगमध्ये अडकले आणि प्रयोगशाळेतल्या मामांना वेळ सांगायची विसरले. त्यांनी जेवणानंतर सावकाश मुळं कापली. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी स्वतः तीन स्लाइड करून पाहिल्या. एकही पेशी विभागत नव्हती. बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी हे सांगितलं, तर ते चहा पीत म्हणाले, "चालतं हो मॅडम. काय काढायचं ते मुलांना माहीत असतं." वेळापत्रक बदलणं माझ्या हातात नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही सांगते.

एकोणीस जणांनी सुंदर आकृत्या काढल्या. तिने मात्र जे होतं ते काढलं, नुसत्या पेशी, ओळीने, शांत. खाली लिहिलं, 'विभाजन आढळले नाही.'

परीक्षकांनी त्या प्रश्नावर शून्य मांडलं. तोंडी परीक्षेत ती गांगरली, तिथेही गुण गेले.

"सर, ती खरं लिहितेय," मी म्हटलं.

"म्हणजे बाकीचे एकोणीस खोटं लिहितायत?" त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तसं लिहून द्या. मी वर पाठवतो."

ते एकोणीसही माझेच होते. कुणाची नोकरी ठरलेली, कुणाचा पुढच्या प्रवेशाचा अर्ज भरलेला. मी पेन उघडलं, बंद केलं. इतकी लाचार मी कधीच झाले नव्हते. शेवटी कागद तसाच परत दिला आणि गुणपत्रकावर परीक्षकांच्या सहीशेजारी माझी सही केली.

ती दोन गुणांनी राहिली. निकालाच्या दिवशी मी तिला गाठलं, काहीबाही बोलले. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "मी काय चुकले, मॅडम?" मी फेरपरीक्षेची तारीख सांगितली.

फेरपरीक्षेला ती वसई पूर्वेच्या एका कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली. तिथे पॅकिंगला लागली होती, एम.एस्सी.चा विषय घरात संपला होता. आदल्या दिवशी पहाटे उठून मी कॉलेज गाठलं होतं आणि मुळं स्वतः कापली होती, अगदी वेळेवर. एक स्लाइड करून पाहिली. विभागणाऱ्या पेशी जागोजाग होत्या, आंधळ्यालाही दिसतील अशा.

तिने वेळेआधीच पेपर दिला. दोन्ही अवस्था रेखीव, नावं सरळ रेषेत, पुस्तकात असतात तशा. नव्या परीक्षकांनी कौतुकाने मान डोलावली. मी तिच्या टेबलाशी गेले. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडच नव्हती. मी कापलेली मुळं बशीत जशीच्या तशी पडली होती, त्यांना हातही लागला नव्हता.

"आता सुटेन ना, मॅडम?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं आणि पूर्ण गुण दिले.