लुईझाची गरिबी आणि हिल्डाचा हार

पाचूबंदरच्या लुईझाला कोणी गरीब म्हटलं, तर ती माशांची टोपली खाली ठेवून भांडते. त्यामुळे तिच्या नवऱ्याने तुरुंगातून घरच्या गरिबीचा अर्ज केला, तेव्हा आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

क्लेमेंटने जाळ्यांच्या भांडणात एकाला वल्हं हाणलं होतं. दीड वर्षाची शिक्षा झाली. ती भोगून संपली, तरी सोडेनात. खटल्याआधी आत काढलेले चार महिने तुरुंगाने धरलेच नव्हते. म्हणून त्याने हायकोर्टाला लिहिलं, ‘मला समोर आणवा आणि कोणत्या हक्काने कोंडलंय ते यांना विचारा.’ याला बंदीप्रत्यक्षीकरण म्हणतात. आमच्या बंदरावर अजून एकालाही ते एका दमात म्हणता आलेलं नाही. फी भरायची ऐपत नाही, ती माफ करा, असंही त्याने खाली जोडलं. मग घरची परिस्थिती बघायला तलाठी येणार असं ठरलं.

आता साहेब दारात येणार आणि आपण ओक्याबोक्या गळ्याने उभं राहायचं? लुईझाने शेजारच्या हिल्डाचा तीन पदरी हार मागून आणला, गजरा माळला, खुर्ची दोनदा पुसली.

तलाठ्याने घर पाहिलं. पत्रे, एक पलंग, बर्फाची पेटी. मग हार पाहिला आणि लिहायला लागला.

“भाऊसाहेब, तो माजा नाय. हिल्डाचा हाय.”

“सगळे असंच सांगतात, बाई. तिचा असेल तर पावती दाखवा. नाहीतर फी भरा.”

“गो हिल्डा, बोल ना! मानूस आत सडतोय माजा!”

हिल्डा पंच म्हणून सही करायला तिथेच उभी होती. हा हार नवऱ्याने, जोसेफने, कुवेतहून आणला, असं ती अकरा वर्षं चर्चच्या पायरीवर सांगत आलेली. मलाच तीनदा सांगितलंय.

“पावती कसली?” ती शेवटी म्हणाली. “खोटा हाय तो. स्टेशनबाहेर घेतलाय. लिवा भाऊसाहेब, पन हळू.”

तलाठ्याने लिहिलं. पंचनामा वाचून दाखवायचा असतो, म्हणून मोठ्याने वाचलाही. दारात नऊ जणी होत्या, आणि मी.

फी माफ झाली. सुनावणीच्या आदल्या दिवशी तुरुंगाला ते चार महिने आपोआप आठवले आणि क्लेमेंट घरी आला. तोवर एकशे सात दिवस जास्तीचे भोगून झाले होते.

बंदरावरची माणसं अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतात, म्हणून त्याला जेवायला वाढता वाढता लुईझाने मला विचारलं, “त्या दिवसांची भरपाई मागायला पन अर्ज असतो काय?”

“असतो,” मी म्हटलं.

“मंग लिवा. पन या खेपेला घर बघायला कोन नको.”