मॅडम, पूर्ण नाव काय?

गेल्या रविवारी गोंदियात सकाळपासून मी आमच्या दुसऱ्या घराची फरशी पुसत होते. पुसून झाली की पुन्हा पुसत होते. भाडेकरू घर बघायला येणार होते आणि मला स्वस्थ बसवत नव्हतं.

दुसरं घर म्हटलं की फार भारी वाटतं... आहेत बिरसी विमानतळाच्या रस्त्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आम्ही दोघंही नोकरीवाले. पैसे एफडीत पडून राहण्यापेक्षा घर घेऊ, भाड्यातून हप्ता निघेल, हे घरी मीच पटवलं. विमान चालवायला शिकणारी पोरं भाड्यानं येतील, हा माझा हुकमी एक्का होता. ती पोरं हॉस्टेलमध्ये राहतात, हे रजिस्ट्री झाल्यावर कळलं.

टू-लेटची पाटी लावली, लोक येऊ लागले. हवा छान, उजेड छान, सगळ्यांना घर आवडायचं. मग जाता जाता कोणीतरी विचारायचं, "मॅडम, आपका पूरा नाम?" मी आडनावासकट नाव सांगायचे... "घरी विचारून फोन करतो" म्हणून माणूस जायचा. फोन काही यायचा नाही.

आमच्यासाठी हे नवीन नाही. लग्नानंतर आम्ही भाड्याचं घर शोधत होतो, तेव्हा घरमालक आडनाव विचारायचे. आता घरमालकीण मी, तरी परीक्षा माझीच! राग यायचा, पण खरं सांगते, रागापेक्षा धास्ती जास्त होती. हप्ता काही आडनाव बघून थांबत नाही. ह्यांनी सांगूनच ठेवलं होतं, या महिन्यात कोणी आलं नाही तर घर विकून मोकळं होऊ.

दलाल भला माणूस. त्यानं त्याच्या परीनं उपाय सांगितला, "मॅडम, नाम-वाम मत बताओ. एक बार सामान आ गया, फिर कौन जाता है." चार-पाच दिवस ते डोक्यात घोळत राहिलं, आणि घोळत राहिलं याचंच वाईट वाटत होतं.

तर रविवारी स्कूटीवरून एक मुलगी आली, मागे तिची आई. मुलगी दवाखान्यात नर्स, गाव नागझिऱ्याकडचं. मुलगी आत जाऊन एकेक खिडकी उघडून बघू लागली. आई मात्र चपला काढून दारातच उभी राहिली, आत येईना. मला वाटलं, आता विचारणार, आता विचारणार.

शेवटी म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. दलालाचा सल्ला गेला खड्ड्यात, आपणच विषय काढू. मी म्हणाले, "भाडेकरारात दोघींचीही पूर्ण नावं लागतील, तुमच्या मुलीचं आणि माझं..."

माझं नाव सांगण्याआधीच त्या माउलीचा चेहरा उतरला.

"आमी गोंड आहोन जी," ती म्हणाली. "आधीच सांगून देतो. दोन घरी नाई म्हनले. तुमाले जमत नसन तं आताच सांगा, पोरगी उगाच आस लावून बसन."

इतका वेळ मी तिला घाबरत होते आणि ती मला. मी म्हटलं, "मावशी, आम्ही बौद्ध. तुम्हाला जमेल का, ते तुम्ही सांगा."

ती सरळ आत आली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून बघितला आणि तिथूनच जोरात विचारलं, "नळाले पानी काऊन नाई येऊन राहिलं?"

सकाळी मोटर लावायची राहूनच गेली होती. मी धावत बटण दाबायला गेले... डोळेही पुसायचे होते.

आता मायलेकी राहायला आल्या आहेत. हप्त्याची धास्ती अजून आहे, ती काही एका भाडेकरूनं जाणार नाही. घर घेताना मी भाडं, हप्ता, घरपट्टी, रंगरंगोटी, सगळ्याचा विचार केला होता. माझ्याच दारात उभं राहून कोणी भीत भीत आपली जात सांगेल, हे मात्र मनातही आलं नव्हतं. त्या मावशीचे आभार मानावेत तेवढे थोडे... घरमालकिणीला खरं तर जे विचारायला हवं, ते तिनं विचारलं.