छबुबाईच्या तीस उंदरिणी

शिरूर कासारच्या छबुबाईची गर्भपिशवी पंचविसाव्या वर्षी काढली. पोट दुखतं म्हणून गेली, तर डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. पाळीचे खाडे वाचतील म्हणून ऊसतोडीच्या टोळीचा मुकादमही हो म्हणाला, नवऱ्याने अंगठा दिला. तिला कुणी विचारलं नाही. पुढे कंबर अशी धरली की उसाची मोळी उचलवेना. मग साखर कारखान्याच्या संस्थेने काढलेल्या फार्मसी कॉलेजात ती उंदरांच्या खोलीवर लागली.

त्या साली पाऊस झाला नाही. ऊस नव्हता, कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. नवरा टोळीबरोबर कर्नाटकात गेला. छबुबाईला मात्र एका दिवसाची सुट्टी नव्हती, कारण टँकर आला नाही तरी उंदरांच्या बाटल्या भरलेल्या लागत. लोखंडी दार लावून ती दिवसभर उंदरांच्या वासात बसे.

धारूरची तुळजा मॅडम तिथे शिकत होती. पाळी बिघडून अंडाशयात गाठी होणाऱ्या बायांसाठी कोणतं औषध चांगलं, हे तिला बघायचं होतं. तीस उंदरिणी होत्या. सहा निरोगी ठेवल्या, बाकीच्यांना एकवीस दिवस औषध देऊन तोच आजार लावला. मग सहा तशाच सोडल्या, सहांना मधुमेहाची गोळी, सहांना स्त्रीबीज पिकवायची, सहांना दोन्ही. रोज सकाळी एकेकीच्या योनीतलं पाणी काचेवर घेऊन चक्र तपासायचं. उंदरिणीला चावू न देता हातात धरणं फक्त छबुबाईला जमे.

गोळ्या देऊन महिना झाल्यावर मॅडम म्हणाली, उद्या येऊ नका मावशी, उद्या अंडाशय काढायला सगळ्या मारायच्या. छबुबाई आली. तीसही तिनेच पिंजऱ्यातून काढून दिल्या. दुसऱ्या कुणाच्या हातात त्या बिथरल्या असत्या.

अंडाशयांच्या कापांच्या काचा तयार झाल्यावर मॅडमने तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. औषध न मिळालेल्यांच्या अंडाशयात फोडच फोड होते. दोन्ही गोळ्या मिळालेल्यांत ते जवळपास नव्हतेच. छबुबाई बराच वेळ डोळा लावून राहिली.

"मॅडम, माझी पिशवी काढली तवा कुणी अशी बघितली आसंल का?"

मॅडमने कागद आणायला सांगितले. दवाखान्याचा एकच कागद निघाला. मॅडमने तो दोनदा वाचला.

"पोटदुखी लिहिलंय, मावशी. पिशवी तपासायला पाठवल्याचं कुठं नाही."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, तेव्हा तिने सांगितलं. तो म्हणाला,

"आता त्याचं काय करायचं?"

"काय न्हाई. तुला ठाऊक आसावं म्हणून सांगितलं."

मग त्याने टँकर आला का विचारलं. आला, ती म्हणाली.

कोयता आता पेलणार नव्हता, अन् गावात दुसरं काम नव्हतं. आठवड्याने नव्या तीस उंदरिणी आल्या. छबुबाईने पिंजऱ्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि दार आतून ओढून घेतलं.