तीस नंबरवर लायब्ररी सापडत नाही

आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. कीबोर्डच्या फटींत फरसाणाचा चुरा आणि माझ्या डोक्यात किस्से! चुरा निदान महिन्यातून एकदा कीबोर्ड उलटा करून झटकता तरी येतो. किस्से कुणाला सांगितल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. तेव्हा ऐका.

नाशिकला, सातपूरच्या अलीकडे आमचं कॉलेज आहे. तिथे मी लॅब असिस्टंट. पोरं मला पगारे मॅडम म्हणतात. लॅबमध्ये तीस मशिनं, आणि तीही तीन पिढ्यांची. पुढच्या रांगांत उबंटू, मधल्या रांगांत विंडोज टेन आणि शेवटच्या रांगेतल्या सहा म्हाताऱ्यांवर विंडोज सेव्हन. एकाला जे औषध लागू पडतं त्याची दुसऱ्याला ॲलर्जी! पायथनची एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, सगळीकडे टाकायची म्हटली की मला तीन वेगळे डॉक्टर व्हावं लागतं.

हसायचे किस्से आहेत, पण हे दिवस काही हसायचे नव्हते. कारण यमुना.

*

यमुना भोये सुरगाण्याकडची. बोलायला कमी, पण अक्षर मोत्यासारखं. मागच्या सत्रात प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी तिसाच्या तीस मशिनांवर लायब्ररी टाकली आणि परीक्षेच्या सकाळी प्रत्येक रांगेतलं पहिलं मशीन सुरू करून पाहिलं. शितावरून भाताची परीक्षा! सगळी शितं छान शिजलेली.

यमुनाचा नंबर आला तीसवर. कोपऱ्यातलं शेवटचं मशीन. तिथे लाल अक्षरं आली : अशी लायब्ररी सापडत नाही. परीक्षा सुरू झाल्यावर मशीन बदलायचं नाही, असा नियम. पोरगी दोन तास त्या लाल अक्षरांसमोर हाताची घडी घालून बसली. कुणाला हाकही मारली नाही. नापास झाली.

"अगं, मला बोलवायचं नाही का?" मी नंतर म्हटलं.

"मला वाटलं मॅडम, माझंच कायतरी चुकलं."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. चूक माझी आणि गुणपत्रिका तिची.

आता हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. सातपूरच्या एका कारखान्यात तिची निवड झालेली. पास झाल्याचा कागद दाखवला की कामावर हजर व्हायचं, नाही दाखवला तर जागा दुसऱ्याला जाणार. आणि परीक्षेला उरले होते एकवीस दिवस.

*

आमचे विभागप्रमुख देवरे सर सटाण्याकडचे. एरवी शुद्ध पुस्तकी बोलतात, पण घाबरले की अहिराणीवर येतात. पहिल्या दिवशी मात्र शुद्धच होते. "मॅडम, या सत्राची लायब्ररी टाकायला एका ओळीची तर कमांड आहे. दुपारच्या चहापर्यंत होऊन जाईल."

पुढच्या चोवीस मशिनांवर झालंसुद्धा. शेवटच्या रांगेतली सहाच्या सहा डाउनलोडच करेनात. साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, चालत नाही, असं सांगायची. सरांनी इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्याने दोन दिवस केबल उपटली, पुन्हा लावली आणि "तुमची मशिनं जुनी झाली" असा आहेर देऊन गेला.

तिसऱ्या दिवशी माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. पंधरा वर्षं मागची! आतले सेल मागच्या परीक्षेनंतर मेलेले, त्यामुळे मेन स्विच बंद झाला की ही सहा मशिनं आपल्या जन्मकाळात परत जायची. आणि आजचं सर्टिफिकेट पंधरा वर्षांपूर्वी कसं चालणार?

मेन स्विच रोज साडेपाचच्या ठोक्याला बंद करायचे आमचे शिपाई, जाधव मामा. मामा तोफखान्यातून निवृत्त झालेले, राहायला देवळाली कॅम्पला. मी म्हटलं, "मामा, नवे सेल येईपर्यंत स्विच बंद करू नका."

"बंद करायची ऑर्डर लेखी आहे मॅडम. बंद न करायचीही लेखी आणा."

लेखी ऑर्डरही येईना आणि सेलही येईनात. शेवटी मामांनीच तोड काढली. रोज सकाळी ते शेवटच्या रांगेत जायचे, मनगटावरचं घड्याळ बघून सहा मशिनांची तारीख-वेळ लावायचे आणि दारात येऊन खणखणीत आवाजात सांगायचे, "सहाच्या सहा राइट टाइम, मॅडम!"

चार दिवसांनी सरांच्या लक्षात आलं की ती रांग सात मिनिटं पुढे आहे.

"साहेब," मामा म्हणाले, "तोफखान्यात सात मिनिटं आधी पोचलो म्हणून कुणी ओरडलं नाही कधी."

*

घड्याळं लागली, डाउनलोड सुरू झालं. विंडोज सेव्हनला नवी लायब्ररी पेलत नाही, म्हणून तिची जुनी आवृत्ती शोधून टाकली. संध्याकाळी सगळं चालू. जीव भांड्यात पडला.

सकाळी पाहते तो पाच मशिनांवर लायब्ररी होती. तीस नंबरवर नाही.

परत टाकली. दुसऱ्या सकाळी पुन्हा गायब. ये रे माझ्या मागल्या! तिसऱ्यांदा टाकली, समोर बसून चालवून पाहिली, आणि सरांना फोटोसुद्धा पाठवला. सकाळी पाटी कोरी.

परीक्षेला अकरा दिवस होते. देवरे सर त्या मशीनकडे एकटक बघत म्हणाले, "काय शे हाई!"

मग मला एकदम आठवलं. माझ्या आधी इथे सोनवणे नावाचा असिस्टंट होता आणि तीस नंबर ही त्याची स्वतःची बसायची जागा होती. पोरांनी आपलं मशीन खराब करू नये म्हणून त्याने त्यात कुलूप घालणारा प्रोग्राम टाकलेला. मशीन बंद करून सुरू केलं की त्याने ठेवलं होतं तसंच्या तसं परत. तुम्ही मधे काहीही टाका, पुसलं जाणार. मागच्या वेळी यमुनासमोर काय झालं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

सोनवणे आता नोकरी सोडून कांद्याच्या व्यापारात, विंचूरला. फोन लावला तर मागे लिलावाचा गलका.

"पासवर्ड सांग रे बाबा!"

"मॅडम, इथं नाय सांगता येणार. लय माणसं हायत. तोच पासवर्ड माझा अजून सगळीकडं हाय!"

"अरे, एका पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"थांबा." मग नुसता धापा टाकल्याचा आवाज. लिलाव सोडून तो चार ट्रॅक्टर ओलांडून पलीकडे गेला असावा. मग अगदी कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "लिहून घ्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. कुणाला सांगू नका."

*

कुलूप उघडलं, तीस नंबरवर लायब्ररी टिकली. पण मधल्या काळात एक गोष्ट मला खात होती. यमुना सरावाला लॅबमध्ये एकदाही आली नाही. बाकीची पोरं मशिनासाठी भांडत होती आणि ही कॉरिडॉरमध्ये दिसली की मान खाली घालून निघून जायची. तिने हाय खाल्ली, असंच मी धरून चालले होते. एकदा अडवून विचारलं, तर म्हणाली, "वाचते हाय मॅडम." एवढंच.

*

परीक्षेच्या आठवडाभर आधी पुढच्या रांगांवरच्या उबंटूने नवी आवृत्ती घेतली. कुणाला न विचारता नव्हे, देवरे सरांना विचारून. "अपडेट करू का?" असं स्क्रीनवर आलं आणि सर हो म्हणून बसले! हात दाखवून अवलक्षण. नव्या आवृत्तीत जुन्या लायब्रऱ्या दिसेनाशा झाल्या आणि परत टाकायला गेलं तर उबंटू अडवू लागलं. सिस्टिमचा सांभाळ माझ्याकडे आहे, तुम्ही हात लावू नका, म्हणे. फारच हट्ट असेल तर कमांडच्या शेवटी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं लिहा.

सरांचा हात कीबोर्डवर थबकला. "मॅडम, ही शासकीय अनुदानातली मशिनं आहेत. इथे ब्रेक असं लिहायचं आणि त्याखाली माझा लॉगिन?"

"सर, नुसता शब्द आहे तो."

"मग लेखी परवानगी घेऊ."

सरांनी खरोखर अर्ज लिहिला. विषय : बारा संगणकांतील सिस्टिम पॅकेजेस मोडण्याची परवानगी मिळणेबाबत. तो प्राचार्यांकडे गेला. मी तोवर थांबले नाही. प्रत्येक मशिनावर वेगळा फोल्डर करून त्यात लायब्ररी बसवली, म्हणजे सिस्टिमला धक्का नाही. दोन दिवस मान वर केली नाही. बारावं मशीन संपवत होते तेव्हा अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता :

"मोडतोड परीक्षेनंतर करावी."

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. सगळ्यांनी कॉलेजच्या सामायिक फोल्डरमधून नमुन्याचा प्रोग्राम उघडायचा आणि चालवायचा. मी मनातल्या मनात म्हटलं, आता कशाला भिऊ?

तिसाच्या तीस मशिनांवर लाल अक्षरं!

उबंटू, विंडोज टेन, विंडोज सेव्हन, या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत. सकाळी मी स्वतः तपासलेली मशिनं होती ती. माझी पाचावर धारण बसली. सरांनी खुर्चीत बसकण मारली. पोरं आधी हसली, मग त्यांचेही चेहरे उतरले. मामांनी कुणी न सांगता पाण्याची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली.

मी एकेक ओळ वाचत गेले. तासाभराने सापडलं. मशिनं आपल्या लायब्ररीपर्यंत पोचतच नव्हती. त्याच फोल्डरमध्ये लायब्ररीच्याच नावाची दुसरी एक फाइल पडलेली होती. पायथन शेजारी बघतो, तिथे ते नाव दिसलं की तीच लायब्ररी समजून उचलतो. ही फाइल आतून कोरी.

"कुणी ठेवली ही?" मी ओरडले. मी फाइलीच्या मालकाचं नाव उघडलं.

देवरे सर उठून उभे राहिले. "पोरांनी त्यात आपापला कोड लिहायचा, आणि फाइल पटकन सापडावी, म्हणून तेच नाव दिलं..." मग आवाज खाली आला. "मनीच चूक शे, मॅडम."

विभागप्रमुखाने भर वर्गात चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच पाहिली. रागच गेला माझा.

*

परीक्षेच्या सकाळी मी सात वाजता लॅबमध्ये होते. या वेळी शितं-बितं काही नाही. तीसही मशिनं बंद केली, सुरू केली, लायब्ररी बोलावून पाहिली. तीस नंबर चार वेळा. मग दारावर बैठकीचा तक्ता लागला. भोये यमुना : तीस.

बाहेरून आलेले परीक्षक उंच, चष्म्यावरून बघणारे. हसायचं ते बहुतेक घरी ठेवून आलेले. प्रश्न सगळ्यांना एकच होता. काही वर्षांचे पावसाचे आणि भाताच्या उत्पन्नाचे आकडे दिलेले, त्यावरून पुढचा अंदाज काढा. लायब्ररी असली तर चार-सहा ओळींचं काम.

अर्धा तास झाला. मी रांगांमधून फेरी मारली. प्रत्येक स्क्रीनवर पहिल्याच ओळीत लायब्ररीला बोलावलेलं. एकोणतीस ठिकाणी लाल अक्षर नाही. देवा!

तीस नंबरवर आले. पहिल्या ओळीत लायब्ररी नव्हती. दुसऱ्या ओळीतही नव्हती. कुठेच नव्हती.

गेली पुन्हा, माझ्या मनात आलं. पुन्हा लाल अक्षरं आली असतील, आणि पुन्हा ही बया कुणाला हाक न मारता बसली असेल! पोरांशी बोलायचं नाही, हा नियम. मी खोकले. तिने पाहिलं नाही. मी परत खोकले. मामा पाणी घेऊन आले. दारातून देवरे सरांनी भुवया उडवून विचारलं, काय झालं? मी मान हलवली. सरांनी दाराची चौकट धरली.

यमुना खाली मान घालून टाइप करतच होती. एका ओळीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी.

परीक्षक तिच्यामागे येऊन उभे राहिले. एकेक ओळ वाचली. मग शेजारच्या एकोणतीस नंबरवरचं उत्तर पाहिलं, परत हिचं पाहिलं. दोन्ही उत्तरं दशांशापर्यंत सारखी.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "लायब्ररी कुठे आहे?"

"नाय घेतली, सर."

"मग उत्तर कुठून आलं?"

"बेरजा केल्या, सर. गुणाकार, भागाकार. त्याचं सूत्र असतं, ते लिहिलं."

"सगळं स्वतः? इथे लायब्ररी चालत नाही का?"

"चालत असंल, सर." यमुना उभी राहिली. "पण मागच्या टायमाला ती सापडली नव्हती. म्हणून या टायमाला तिच्याबिगरच शिकून आले."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिच्या उत्तरपत्रिकेवर सही केली आणि म्हणाले, "जा बेटा, झाली तुझी परीक्षा. आता पुढे काय?"

"सोमवारी कामावर जायचंय, सर."

मग ते वळले आणि सगळ्या लॅबभर नजर फिरवली.

"ही लॅब कोण सांभाळतं?"

मी हळूच हात वर केला.